कोअर किती, हा प्रश्न अपुरा आहे

मा. संपादक,

होम थिएटर खरेदीवरच्या आपल्या लेखात ‘कोअर जास्त, तितका आवाज सरस’ असा सल्ला दिला आहे. हे अर्धसत्य आहे. कोअर म्हणजे रिसीव्हरमधल्या (स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्रातल्या) चिपचे हिशेब करणारे स्वतंत्र भाग.

डब्यावर ‘मल्टिकोअर डीएसपी, २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’ छापलेलं असतं. डीएसपी म्हणजे आवाजावर गणिती प्रक्रिया करणारी चिप; १९२ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला आवाजाची १,९२,००० मापं, अर्थात सॅम्पल. १९२ किलोहर्ट्झला दर सॅम्पलमागे जेमतेम ५.२ मायक्रोसेकंद मिळतात. तेवढ्यात ४५० मेगाहर्ट्झच्या कोअरची सुमारे २,३४० चक्रं (कामाची पावलं) होतात. आठ चॅनलांत वाटली की प्रत्येकी २९३. आता रूम करेक्शन लावा, म्हणजे खोलीमुळे आवाजात होणारा बिघाड फिल्टरने सुधारा. ४८ किलोहर्ट्झवर ४,०९६ टॅपचा (गुणकांचा) फिल्टर साधारण १२ हर्ट्झचा बारकावा देतो, म्हणजे तेवढ्या अंतरावरचे सूर वेगळे हाताळतो. आठ चॅनलांचा सरळ हिशेब केला तर सेकंदाला १५७ कोटी गुणाकार-बेरजा. तोच बारकावा १९२वर हवा असेल तर टॅप चौपट, वेग चौपट, म्हणजे काम सोळापट! एफएफटी या गणिती पद्धतीने हा भार बराच हलका होतो, पण मग सॅम्पल गठ्ठ्याने घ्यावे लागतात आणि विलंब वाढतो. म्हणूनच बरेच रिसीव्हर करेक्शन चालू होताच आवाज गुपचूप ४८वर उतरवतात. कानाला फारसा फरक पडत नाही. आक्षेप आहे तो डब्यावर हे न सांगण्याला.

कामाची वाटणीही फुकट होत नाही. एक कोअर डॉल्बी ट्रूएचडी (ब्ल्यू-रेवरचा, दर्जा न घटवणारा ध्वनिप्रकार) डीकोड करतो, दुसरा बास आणि करेक्शन सांभाळतो. मधला २५६ सॅम्पलचा बफर (तात्पुरता साठा) ४८वर ५.३ मिलिसेकंद खातो. सिनेमात ते खपतं. कराओकेत असे तीन-चार टप्पे साचले की गाणारा अडखळतो. दोन्ही कोअर एकदमच चिपबाहेरच्या सामायिक डीडीआर मेमरीकडे गेले तर एकाला थांबावं लागतं, एखादा गठ्ठा वेळेत तयार होत नाही आणि ‘टक्’ ऐकू येतं. सरासरी लोड ६० टक्के असला तरीही. फिल्टरचे आकडे (वरच्या उदाहरणात १२८ केबी) कोअरच्या स्वतःच्या मेमरीत ठेवणं हा त्यावरचा नेहमीचा उपाय.

घरी मात्र घोळ बहुधा जोडणीत असतो. टीव्हीच्या साध्या एआरसीतून (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने रिसीव्हरकडे पाठवणाऱ्या सोयीतून) ट्रूएचडी येतच नाही. तिची सुधारित आवृत्ती ईएआरसी हवी, नाहीतर ब्ल्यू-रे प्लेअर थेट रिसीव्हरला जोडावा. प्लेअरमध्ये ‘बिटस्ट्रीम’ (आवाज डीकोड न करता पाठवणं) निवडून ‘सेकंडरी ऑडिओ’ (जोड-आवाज मिसळणं) बंद करावा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो वा मॉलमध्ये, दुकानदाराला एवढंच विचारावं: सगळ्या चॅनलांवर करेक्शन चालू असताना प्रक्रिया किती किलोहर्ट्झवर होते?

— एक ध्वनितंत्रज्ञ, ठाणे