भरतीच्या फॉर्मवर तिसरा रकाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी तालुक्याच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करून घेतो. 2022 च्या भरतीवेळी माझ्याकडच्या एका पारलिंगी मुलीने मोबाइलवर फॉर्म उघडला. पहाटे साडेपाचला सगळ्यांच्या आधी येऊन गोळाफेकीचा सराव करणारी ही पोर. ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ एवढेच दोन पर्याय पाहून तिने फोन माझ्यापुढे धरला, “सर, कशावर टिक करू?” मला काही सांगता आलं नाही.

तृतीयपंथीयांची ओळख सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2014 मध्येच मान्य केली होती. त्यानंतर वेगवेगळ्या पक्षांची सरकारं येऊन गेली, 2020 मध्ये राज्यात तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळही झालं. रकाना मात्र आला नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये मॅटने, म्हणजे सरकारी नोकरीचे वाद ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने, तो ठेवायला सांगितलं, तर सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं! तिथे खडसावल्यावर डिसेंबरात फॉर्म बदलला, आणि शारीरिक चाचणीचे नियम करायला 28 फेब्रुवारी 2023 ची मुदत मिळाली.

मंडळं करून भागत नाही, हे यातून कळतं. वरच्या खुर्चीच्या मनात असेल तर चळवळीतली माणसं मंत्रालयात बसून नियम करून घेतात. नसेल तर त्यांनाच वकील शोधत फिरावं लागतं. कर्नाटकातही प्रकरण कोर्टात होतं, पण तिथल्या सरकारने 2021 मध्ये सेवा नियमच बदलले आणि 1 टक्का समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांमधूनच राखीव वाटा, दिलं.

लांब कशाला, पिंपरी-चिंचवड महापालिकेने आयुक्त राजेश पाटील यांच्या काळात, त्याच 2022 मध्ये, तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतलं. त्याच वर्षी पाटील यांची बदली झाली. एका अधिकाऱ्याच्या तळमळीवर अशी कामं किती दिवस तगणार? त्यासाठी शासन निर्णयच हवा.

मुख्यमंत्र्यांना आणि गृह विभागाला माझी कळकळीची विनंती आहे की, पोलीस भरतीत तृतीयपंथीयांना समांतर आरक्षण द्या, आणि तेही कुणाला पुन्हा कोर्टाची पायरी चढायला न लावता. माझी विद्यार्थिनी अजून रोज पहाटे मैदानावर येते. पुढच्या वर्षी तिची वयोमर्यादा संपते.

आपला,
एक भरती प्रशिक्षक, सातारा जिल्हा