आधाराचा दांडा भिंतीत किती गेला आहे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गुडघ्याची शस्त्रक्रिया, पक्षाघात किंवा वाढते वय यांमुळे घरातले बाथरूम बदलून घेतले जाते. लादी चकाचक बसते, स्टीलचा दांडा चमकतो आणि ठेकेदाराला शेवटचा हप्ताही मिळतो. दोष दिसू लागतात तोवर तो दुसऱ्या कामावर गेलेला असतो. अशा कामात नेमके काय चुकते आणि चुकल्यावर काय करावे, यासाठी हे पत्र.

सर्वांत धोक्याचा दोष दांड्याचा. आधार नसतो तेव्हा माणूस जपून उठतो. दांडा दिसला की सगळा भार त्यावर टाकतो. म्हणून सैल दांडा हा दांडा नसण्यापेक्षा वाईट. हिशेब साधा आहे. दांड्यासोबत बहुधा ४० मिमीचा स्क्रू येतो. लादी ८ मिमी, तिच्यामागचा गिलावा आणि सिमेंट २० मिमी, दांड्याची पट्टी २ मिमी. म्हणजे विटेत जेमतेम १० मिमी स्क्रू जातो. जुन्या लादीवरच नवी लादी चिकटवली असेल तर तेवढाही जात नाही. दांडा फक्त लादीला धरून असतो. चांगल्या विटेच्या भिंतीत स्क्रू विटेच्या आत किमान ५० मिमी गेला पाहिजे, म्हणजे स्क्रू ८० मिमीचा किंवा त्याहून लांब हवा. सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकच्या) चार इंची भिंतीत तर नेहमीची प्लास्टिकची गिट्टी (स्क्रूसाठी छिद्रात ठोकतात ती) धरतच नाही. तिथे आरपार बोल्ट आणि भिंतीच्या मागच्या बाजूला लोखंडी पट्टी हवी, किंवा त्या ब्लॉकसाठीच बनवलेला अँकर (छिद्रात पकड घेणारा बोल्ट). छिद्रात स्क्रूआधी सिलिकॉन भरायचे, नाहीतर पाणी ब्लॉकमध्ये मुरते.

तपासणी घरच्या वृद्धावर करू नये. धडधाकट माणसाने दांडा धरून खाली, बाहेर आणि बाजूला जोर लावावा. बुडाची चकती किंचितही हलली, करकर झाली किंवा लादीला केसासारखी चीर गेली, तर दांडा नापास. आजूबाजूच्या लाद्या बोटाच्या पेराने वाजवून पाहाव्यात. पोकळ वाजणाऱ्या लादीवरचा दांडा टिकत नाही. लोहचुंबकाने स्टीलची प्रत कळते हा गैरसमज आहे. स्टेनलेस स्टीलचे २०२ आणि ३०४ हे दोन्ही प्रकार चुंबकाला जवळजवळ सारखेच वागतात. त्यामुळे प्रत बिलावर लिहून घ्यावी. टॉवेलचा रॉड आणि व्हॅक्यूमने चिकटणारा दांडा यांना आधार समजूच नये.

दुसरा दोष उंबऱ्याचा. व्हीलचेअरसाठी उंबरा काढायचा म्हणजे फक्त उंबरा फोडायचा, असे समजून काम होते आणि पाणी खोलीत येते. वास्तविक आतला उतार नव्याने काढावा लागतो. दारापासून नहाणी ट्रॅप (जमिनीतले पाणी जाण्याचे तोंड) दीड मीटरवर असेल तर १:८० या उताराने तिथे सुमारे १९ मिमी खोली हवी. जमीन उंच करून खोलीच्या पातळीला आणली, तर ट्रॅपवर वाढीव तुकडा बसवतात आणि त्याचा सांधा नीट भरत नाहीत. खालच्या मजल्यावर ओल येते ती बऱ्याचदा इथूनच. शिवाय कमोड भिंतीला टांगलेला असेल तर जमीन ५० मिमी वर आल्याने त्याची बैठक तेवढीच बुटकी होते. बैठकीची उंची ४५० ते ४८० मिमी हवी. ती लादी बसल्यावर मोजायची, आधी नाही.

लादी बसण्याआधी ट्रॅप बंद करून ५० मिमी पाणी ४८ तास उभे करून पाहणे ही खरी परीक्षा. ती झालीच नसेल आणि आता खाली डाग दिसत असेल, तर आधी कारण शोधा. दोन दिवस ते बाथरूम वापरू नका, पण पाण्याचा पुरवठा चालू ठेवा. डाग वाढतच राहिला तर दाबाची पाइपलाइन गळते आहे. थांबला आणि आंघोळीनंतर पुन्हा उमटला तर दोष जमिनीत, ट्रॅपमध्ये किंवा सांडपाण्याच्या पाइपात आहे. ठेकेदार अशा वेळी सांध्यांत पांढरे सिमेंट किंवा ग्राउट भरून देतो. ते चार-सहा महिने धरते. जमिनीतून गळत असेल तर लादी आणि तिच्याखालचा कोबा (सिमेंट-काँक्रीटचा थर) काढून वॉटरप्रूफिंग पुन्हा करणे हाच उपाय.

दारांचे थोडक्यात. अडीच फुटी दार म्हणजे चौकट, बिजागरी आणि पल्ल्याची जाडी वजा जाता साधारण ६६० मिमी जागा. बहुतेक व्हीलचेअरना ती अपुरी, आणि हाताच्या बोटांचे सांधे चौकटीला घासतात. पल्ला काटकोनात उघडून निव्वळ अंतर मोजावे. केंद्र सरकारच्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत ९०० मिमी अपेक्षित आहे. पल्ला बाहेर उघडणारा हवा. आत पडलेला माणूस दाराआड अडकला तर आत उघडणारा पल्ला ढकलता येत नाही. रॅम्पचे प्रमाण १:१२: उंची १५ सेंमी असेल तर लांबी १.८ मीटर. दोन फुटांत बसवलेला रॅम्प व्हीलचेअरला मागे उलटवतो. त्यावर गुळगुळीत ग्रॅनाइट तर नकोच.

दोष दिसला की पहिली चूक होते ती लगेच तोडफोड करण्याची. आधी टेप धरून, तारीख दिसेल असे फोटो आणि व्हिडिओ घ्या. ठेकेदाराचा नसलेला स्थापत्य अभियंता बोलावून मापांसह लेखी अहवाल घ्या. सैल दांडा मात्र फोटो काढून ताबडतोब उतरवा, वाट पाहू नका. काढलेला स्क्रू आणि गिट्टी पिशवीत तारीख घालून ठेवा. तो ४० मिमीचा स्क्रू हाच पुढे सर्वांत बोलका पुरावा ठरतो. तोवर न घसरणाऱ्या पायांची स्नानाची खुर्ची आणि एका माणसाची सोबत असू द्या.

मग ठेकेदाराला पत्र द्या: कोणते काम, किती माप ठरले होते, किती आढळले आणि दुरुस्तीला १५ दिवसांची मुदत. पत्र स्पीड पोस्टने, पोचपावतीसह. व्हॉट्सअ‍ॅपवरचे दरपत्रक आणि यूपीआयच्या नोंदी पुसू नका. पक्के बिल नसेल तेव्हा पैसे दिल्याचे तेच दाखवतात.

दाद ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मागता येते. त्यासाठी १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तिने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, कामासाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. अनेक जण रेराची (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याची) पाच वर्षांची जबाबदारी इथे लागू समजतात. ती विकासकाची आहे, आपण नेमलेल्या ठेकेदाराची नाही. उलट नव्या इमारतीत आपण बाथरूम फोडले की विकासक गळतीची जबाबदारी आपल्यावरच ढकलू शकतो. म्हणून काम सुरू होण्याआधीच्या स्थितीचेही फोटो हवेत, बाथरूमच्या छताचे खालच्या मजल्यावरून घेतलेलेसुद्धा.

ज्यांचे काम अजून व्हायचे आहे त्यांनी करारात चार ओळी घालाव्यात: स्क्रूची लांबी आणि भिंतीचा प्रकार, पाणी उभे करण्याची ४८ तासांची चाचणी, दाराची निव्वळ रुंदी, आणि एक पावसाळा उलटेपर्यंत १० टक्के रक्कम राखून ठेवण्याची अट. गृहनिर्माण संस्थांनी दुरुस्तीची परवानगी देताना याच ओळी अर्जाच्या नमुन्यात छापाव्यात, अशी आमची विनंती आहे. खालच्या सभासदाचे छत वाचण्यात संस्थेचाही फायदाच आहे.

आपले,
स्थापत्य अभियंते, ठाणे