व्होल्टेज का बसत होतं, ते शोधून देणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,

साष्टांग नमस्कार.

फोनवर मी आभार मानायला लागले की तुम्ही "ऱ्हाऊ दे गं, आता हर्ट्झ किती दावतोय ते सांग" म्हणता आणि विषय तिथेच संपवता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. मोटारहोमच्या जनरेटरचं व्होल्टेज कमी येतंय, तर जनरेटरच बदला, असं आम्हाला वाटेतल्या एका वर्कशॉपने सांगितलं होतं. खर्च काही हजार डॉलरचा. तुम्ही कराडला बसून, कधी हात न लावलेल्या त्या यंत्राचं दुखणं मुळात त्याच्यात नाहीच, हे दाखवून दिलंत. ते कोणत्या क्रमाने दाखवलंत, हे लिहून ठेवणं मला आभारांइतकंच महत्त्वाचं वाटतं. असाच जनरेटरचा सेट अंगणात, दुकानात किंवा गाडीत असलेल्या कुणाच्या तरी ते कामी येईल.

वाचणाऱ्यांसाठी थोडी माहिती. मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर. आमच्या गाडीत पेट्रोलवर चालणारा ४ किलोवॉटचा जनरेटर आहे. इथली, म्हणजे अमेरिकेतली, वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० आवर्तनं). आई-बाबा भारतातून आले होते, म्हणून ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर गेलो. तिथल्या मॅथर कॅम्पग्राउंडमध्ये गाडीला जोडायला वीज मिळत नाही. जनरेटर चालवायला सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ८ एवढीच परवानगी. या चार तासांत जेवढ्या बॅटऱ्या भरतील, तेवढ्यावर रात्र काढायची. बाबांना झोपेत श्वासासाठी सीपॅप यंत्र लागतं आणि ते याच बॅटऱ्यांवर चालतं. त्यामुळे मायक्रोवेव्ह आणि बॅटरी चार्जर एकत्र लावले की व्होल्टेज १०३ पर्यंत घसरायचं आणि कमी व्होल्टेजपासून वाचवणारं उपकरण, जे १०४ च्या खाली सगळं तोडतं, ते खटकन वीज बंद करायचं, तेव्हा माझा जीव वर-खाली व्हायचा.

ॲरिझोना भारताच्या साडेबारा तास मागे. आमचे संध्याकाळचे सहा वाजले तेव्हा तुमच्याकडे सकाळचे साडेसहा. बाबांनी फोन लावला, तुम्ही चहा घेत होता. मी घाईघाईने सगळं सांगितलं आणि तुम्ही म्हणालात, "नुसतं व्होल्ट सांगून काय उपेग? हर्ट्झ किती?"

काका, या एका प्रश्नाने अर्धं काम झालं होतं, हे मला नंतर समजलं. दोन पोलच्या जनरेटरचं इंजिन मिनिटाला ३,६०० फेरे घेतं तेव्हा ६० हर्ट्झ मिळतात. तुमच्याकडे ३,००० फेऱ्यांना ५०. म्हणजे हर्ट्झ हा इंजिनाच्या वेगाचा आकडा. व्होल्ट आणि हर्ट्झ दोन्ही पडत असतील तर इंजिन लोड घेत नाहीये. कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकटा, तुंबलेला फिल्टर, इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर, तिकडे बघायचं. हर्ट्झ जागेवर आणि फक्त व्होल्ट पडत असतील तर इंजिनाला हातही लावायचा नाही. मग फिरत्या रोटरला वीज पोचवणारे कार्बन ब्रश आणि स्लिप रिंग, व्होल्टेज स्थिर ठेवणारा एव्हीआर, नाहीतर जनरेटरपासून सॉकेटपर्यंतचा रस्ता. आणि व्होल्टेज जवळजवळ शून्यच दाखवत असेल तर रोटरमधलं उरलंसुरलं चुंबकत्व गेलेलं असण्याची शक्यता. वर्कशॉपमध्ये यातलं काहीच कुणी मोजलं नव्हतं. तिथे व्होल्टेज बघितलं आणि निकाल दिला.

सॉकेटमध्ये खोचायचा छोटा मीटर आमच्याकडे होता, त्यावर हर्ट्झही दिसतात. काहीही न लावता १२२ व्होल्ट, ६१.५ हर्ट्झ. तुम्ही म्हणालात, बरोबर आहे, रिकामा सेट थोडा वरच ठेवलेला असतो, लोड आला की साठाच्या आसपास येतो. मग तुम्ही लोड पायरीपायरीने चढवायला लावला. आधी फक्त टोस्टर: ११६. त्याच्या जोडीला पाण्याची किटली: १०६. हर्ट्झ मात्र ६० च्या जवळच. प्रत्येक वेळी आकडा वाचला की लगेच बंद करायला सांगत होता, "जास्त येळ चालवू नको" म्हणून. त्याचं कारण पुढे कळलं.

मधेच तुम्ही विचारलंत, "उंचावर आहात का?" कडा समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फुटांवर आहे. दर १,००० फुटांना इंजिनाची ताकद साधारण साडेतीन टक्के घटते, म्हणजे ४ किलोवॉटचा सेट इथे जेमतेम ३ चा उरतो. महाबळेश्वरच्या लग्नांना सेट घेऊन जायचा तेव्हा हाच हिशोब करायचात, हेही तुम्ही सांगितलंत. टोस्टर आणि किटली मिळून दोन किलोवॉटच्या आसपास. तेवढं सेट सहज ओढतो, आणि ओढतही होता, नाहीतर हर्ट्झ पडले असते. उंचीचा संशय तिथे मिटला.

मग तुमचा दुसरा मोठा प्रश्न: बाहेरच्या विजेवर हाच मायक्रोवेव्ह नीट चालतो का? आदल्या रात्री आम्ही विल्यम्सजवळच्या एका खाजगी कॅम्पमध्ये होतो. तिथे गाडी खांबाला जोडलेली होती आणि सगळं व्यवस्थित चाललं होतं. हे ऐकून तुम्ही थोडा वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "चेंजओव्हर कुठं हाय?"

लोडशेडिंगच्या काळात महाराष्ट्रातल्या कितीतरी दुकानांत तो दांड्याचा चेंजओव्हर भिंतीवर असायचा. एकीकडे बोर्डाची वीज, दुसरीकडे सेटची. मोटारहोममध्ये हेच काम आपोआप करणारी एक बंद पेटी असते. जनरेटर सुरू झाला की काही सेकंदांनी ती घर त्याच्याकडे वळवते. आमची मागच्या पलंगाखाली आहे. तुमचा तर्क असा होता: पेटीच्या पुढची गाडीतली सगळी वायरिंग दोन्ही विजांना सारखीच. बाहेरच्या विजेवर ती नीट चालते, म्हणजे ती निर्दोष. दोष जनरेटरपासून पेटीतल्या जनरेटरच्या बाजूच्या कॉन्टॅक्टपर्यंतच कुठेतरी. आणि लोड वाढेल त्याच प्रमाणात व्होल्ट पडतायत, हर्ट्झ हलत नाहीत, हे कुठेतरी ढिला जोड असल्याचं लक्षण. पाण्याचा पाइप अर्धा बुजला की एक नळ बरा चालतो आणि दुसरा उघडला की दोन्ही बारीक होतात, तसं. एव्हीआर असा हिशोबाने वागत नाही, असं तुमचं म्हणणं. ब्रश मात्र अजून यादीत होते, पण ते काढायला जनरेटर खोलावा लागतो आणि पेटीचं झाकण चार स्क्रूंचं. आधी सोपं बघायचं.

इथे तुम्ही जे केलंत त्याबद्दल मी सगळ्यात जास्त ऋणी आहे. माझे यजमान स्क्रू ड्रायव्हर घेऊन उठलेच होते. तुम्ही फोनवरून असा आवाज चढवलात की बाबासुद्धा दचकले. चालू सेटवर पेटी उघडायची नाही. जनरेटर बंद, बाहेरची वायर काढलेली, इन्व्हर्टर बंद, आणि जनरेटरच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडलेली, म्हणजे कुणी चुकून आतलं बटण दाबलं तरी तो सुरू होणार नाही. हे सगळं एकेक करून आमच्या तोंडून परत वदवून घेतलंत. मग मीटरने वीज नाही याची खात्री, मग झाकण. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतो का, हेही तेव्हाच विचारलंत. त्याचं बटण दाबून आवाज तुम्हाला ऐकवला, मगच पुढे गेलो.

झाकण काढताच जळक्या प्लास्टिकचा वास आला. जनरेटरकडून येणारी न्यूट्रलची पांढरी वायर टोकाशी तपकिरी झाली होती आणि स्क्रूखाली बोटाने हलत होती. खालचा प्लास्टिकचा भाग वितळून बसला होता. फोटो पाठवला. तुमचं उत्तर एवढंच: "गाडी हालती, स्क्रू ढिला होतो. माझ्या ट्रॉलीवरच्या सेटला बी व्हायचं." आणि मग तो हिशोब, जो ऐकून आम्ही सगळे गप्प झालो. त्या जोडाचा रोध पाऊण ओहम धरला आणि १८ ॲम्पिअर जात असतील, तर तिथे सुमारे अडीचशे वॅट उष्णता तयार होते. पलंगाच्या फळीखाली, जिथे रात्री माझी मुलं झोपतात. प्रत्येक वाचनानंतर तुम्ही लोड का बंद करायला लावत होता, ते तेव्हा कळलं.

वायर कापून, नवं तांबं उघडं करून, कानशीने घासून पुन्हा आवळता आली असती. रात्र तोंडावर होती, मला तसंच करायचं होतं. तुम्ही नाही म्हणालात. कॉन्टॅक्टला एकदा खड्डे पडले की ते पुन्हा तापणार, पेटीच बदला, आणि तोवर जनरेटर चालवायचा नाही.

मग बाबांच्या रात्रीचं काय? तेही तुम्हीच सोडवलंत. सीपॅपमधला पाणी गरम करणारा भाग सगळ्यात जास्त वीज खातो, तो डॉक्टरांना विचारून बंद ठेवता येतो का बघा, म्हणालात. बाबांच्या डॉक्टरांना तेव्हाच फोन केला, त्यांनी एका रात्रीपुरती हरकत नाही म्हटलं. गाडीच्या हीटरचा पंखाही बंद केला, सगळ्यांनी दोन-दोन पांघरुणं घेतली, दिवे मालवले. बॅटरीत जे काही होतं त्यावर यंत्र सकाळपर्यंत चाललं. सकाळी फ्लॅगस्टाफकडे निघालो आणि चालत्या गाडीच्या अल्टरनेटरने बॅटऱ्या आपोआप भरत गेल्या. तेही तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं.

फ्लॅगस्टाफला ३० ॲम्पिअरची नवी पेटी मिळाली. "आपण लावू नका, लायसनवाल्याकडून लावा, आणि स्क्रू अंदाजाने नाही, टॉर्कच्या पान्याने आवळायला सांगा," या तुमच्या सूचनेप्रमाणे तिथल्या तंत्रज्ञाकडून बसवून घेतली. त्याने जनरेटरचे ब्रश आणि स्लिप रिंगही तपासल्या, ठीक आहेत म्हणाला. मग तोच टोस्टर, तीच किटली: ११८ व्होल्ट, ५९.८ हर्ट्झ. मायक्रोवेव्ह आणि चार्जर एकत्र चालले आणि काहीही तुटलं नाही.

मी शाळेत होते तेव्हा कराडला तासन्तास लाइट जायची. बाबांचा छापखाना तुमच्या किर्लोस्करच्या सेटवर चालायचा. परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छापायच्या दिवसांत तुम्ही रात्रभर सेटजवळ खुर्ची टाकून बसायचात, असं बाबा अजून सांगतात. मला त्या वयात डिझेलचा वास आणि धडधड एवढंच कळायचं. तुम्ही तिथे काय ऐकत बसायचात, ते आता थोडं समजायला लागलंय. परवा आमच्या जनरेटरवर लोड टाकला तेव्हा इंजिनाचा आवाज किंचित खाली येऊन पुन्हा सावरला, ते मी कानाने ओळखलं, मग मीटर बघितला.

तुम्ही विचाराल म्हणून सांगते. महिन्यातून एकदा सेट निम्म्या लोडवर दोन तास चालवायचा, हे सुरू केलंय. लोड म्हणून हीटर लावते. रिकामा चालवून उपयोग नाही, हे लक्षात आहे. पेटीचे स्क्रू वर्षातून एकदा तंत्रज्ञाकडून तपासून घेणार आहे. एक शंका राहिलीय: थंडीत पहाटे सेट सुरू केला की पहिली काही मिनिटं हर्ट्झ ५८ ते ६२ मध्ये झुलतात, इंजिन तापलं की स्थिर होतात. चोकचं असावं असं मला वाटतं. आवाज रेकॉर्ड करून बाबांच्या फोनवर टाकलाय, सवडीने ऐका.

तुमच्या वर्कशॉपमधल्या मुलांना दाखवायला तुम्ही तो जळका चेंजओव्हर मागितला होता. बाबांच्या मोठ्या बॅगेत, टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवलाय. सोबत हर्ट्झ दाखवणारा क्लॅम्प मीटरही आहे. २३० व्होल्टला चालतो, बघून घेतलंय. तो परत पाठवू नका. काकूंना नमस्कार.

तुमच्या छापखानावाल्या मित्राची मुलगी