फळा डिजिटल झाला, आता शिक्षकाकडे बघा : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : वर्गात तंत्रज्ञान वापरून शिकवण्यासाठी शिक्षकांना मिळणारं प्रशिक्षण

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात, कळव्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. विटावा, खारेगाव आणि डोंगराच्या पायथ्याच्या वस्त्यांतून मुलं आमच्याकडे येतात. हे पत्र निधी मागण्यासाठी नाही. प्रोजेक्टर, टॅब, इंटरॅक्टिव्ह पॅनल (बोटाने चालणारा मोठा पडदा) यांवर गेल्या दहा वर्षांत सरकारने, महापालिकांनी, कंपन्यांच्या सीएसआरने आणि गावोगावच्या लोकवर्गणीने पुष्कळ खर्च केला आहे. ही साधनं घेऊन आपला विषय कसा शिकवायचा, हे मात्र शिक्षकाला कोणी हाताला धरून शिकवलेलं नाही. या कामाला पैसा फार लागत नाही, नियोजन लागतं आणि ते आपल्या हातात आहे.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळांत परीक्षेच्या किंवा प्रशिक्षणाच्या निमित्ताने माझं जाणं होतं. बऱ्याच शाळांत एक खोली दिसते. पॅनलवर कापडी कव्हर, दाराला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये. पॅनलला काही झालं तर भरपाई आपल्या अंगावर येईल, ही भीती शिक्षकाला असते आणि ती खोटी नाही, कारण दुरुस्तीचा करार संपला की कोणाला फोन करायचा हे शाळेत कोणालाच ठाऊक नसतं. जिथे पॅनल रोज चालू असतं, तिथेही बहुतेक वेळा त्यावर पाठाचा व्हिडिओ लावलेला असतो. मुलं बघत बसतात, शिक्षक कडेला बसून वह्या तपासतात. त्या शिक्षकाला मी दोष देणार नाही. पॅनल बसवायला आलेल्या मुलाने जाता जाता जे दाखवलं, तेवढीच त्याची शिदोरी : चालू कसं करायचं, पेनाचा रंग कसा बदलायचा, व्हिडिओ कसा लावायचा.

प्रशिक्षणं होत नाहीत असं मी म्हणत नाही. 2017 च्या शिक्षकदिनी दीक्षा हे केंद्र सरकारचं डिजिटल शिक्षण पोर्टल आलं. 2019 मध्ये निष्ठा हे देशव्यापी शिक्षक प्रशिक्षण सुरू झालं, पुढच्याच वर्षी कोविडमुळे ते ऑनलाइन गेलं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला 50 तास व्यावसायिक विकासासाठी दिले. 12 आणि 24 वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ आणि निवड वेतनश्रेणीचं प्रशिक्षणही 2022 मध्ये ऑनलाइन झालं. या सगळ्यातून आम्हाला काय मिळालं, तर प्रमाणपत्रं. व्हिडिओ पुढे सरकतो, शेवटी प्रश्नावली येते, उत्तरं व्हॉट्सअॅपवर आधीच फिरत असतात, पीडीएफ डाउनलोड होते आणि सेवापुस्तकाला जोडली जाते. वरती टक्केवारी शंभराच्या जवळ दिसते. ती टक्केवारी व्हिडिओ संपवणाऱ्यांची असते. त्यानंतर कोणाच्या वर्गात काय बदललं, हे विचारायला कोणी येत नाही.

प्रत्यक्ष होणारी प्रशिक्षणंही मी केली आहेत. अशाच एका प्रशिक्षणात पहिलीला शिकवणाऱ्या बाई, मराठीचे सर, पीटीचे सर आणि मी एकाच हॉलमध्ये एका रांगेत बसलो होतो. समोर स्लाइडवर आयसीटीचं, म्हणजे माहिती आणि संवाद तंत्रज्ञानाचं, महत्त्व. नेट चालत नव्हतं, म्हणून जे करून दाखवायचं होतं त्याचे स्क्रीनशॉट दाखवले गेले. प्रशिक्षण देणारे सुलभक मनापासून बोलत होते. त्यांनाही आदल्या आठवड्यात जिल्ह्याच्या ठिकाणी कोणीतरी तेच स्क्रीनशॉट दाखवले होते. राज्यावरून जिल्हा, जिल्ह्यावरून तालुका, तालुक्यावरून केंद्र (जवळपासच्या शाळांचा गट) असं उतरत उतरत वर्गापर्यंत येईतो प्रशिक्षणाचा जीव निघून जातो. हाताखाली यंत्र नाही, समोर मूल नाही आणि आपला विषयही नाही, अशा ठिकाणी माझ्या आठवीच्या वर्गासाठी मी काय घेऊन जाणार?

पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या दोन अभ्यासकांनी 2006 मध्ये मांडलेली एक गोष्ट आज जगभरच्या शिक्षक प्रशिक्षणात आधार मानली जाते. विषय येणं, तो शिकवता येणं आणि यंत्र चालवता येणं ही तीन कौशल्यं सुटी सुटी असून भागत नाही. या विशिष्ट पाठात, या मुलांपुढे, हे साधन कशासाठी आणि कोणत्या क्षणी वापरायचं, ही समज तिन्हींच्या सांध्यावर तयार होते. आमची प्रशिक्षणं यंत्र चालवण्यापाशी थांबतात. सांध्यापर्यंत पोचतच नाहीत.

म्हणजे काय, ते माझ्या वर्गातून सांगते. आठवीच्या गणितात त्रिकोणाचे शिरोलंब आणि मध्यगा यांचा पाठ आहे. शिरोलंब म्हणजे शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेला लंब. लघुकोन त्रिकोणाचे तिन्ही शिरोलंब आतल्या एका बिंदूत मिळतात, तो शिरोलंबसंपात. विशालकोन त्रिकोणात हाच बिंदू त्रिकोणाच्या बाहेर जातो आणि इथे मुलं हमखास अडकतात. त्यांच्या डोक्यात शिरोलंब म्हणजे आतली उभी रेघ. पाया वाढवून, तुटक रेषा काढून, बाहेर लंब टाकायचा, हे त्यांना बाईंनी केलेली हातचलाखी वाटते. फळ्यावर मी एकामागून एक तीन वेगळे त्रिकोण काढते, पण एका त्रिकोणातून दुसऱ्यात जाताना बिंदूचा प्रवास फळ्यावर दिसत नाही.

म्हणून आधी वहीत, गुण्या वापरून, प्रत्येकाने लघुकोन त्रिकोणाचे शिरोलंब काढायचे. मग पॅनलवर जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर उघडायचं. ते फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं. तसाच त्रिकोण तिथे काढायचा. आणि बोट लावण्याआधी विचारायचं : पाया इथेच ठेवून मी वरचा शिरोबिंदू उजवीकडे सरकवत नेला, तर आतला बिंदू कुठे जाईल? प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा, शेजाऱ्याला पटवून द्यायचा. वर्गात चांगली भांडणं होतात. मग हळूहळू सरकवायचं. बिंदू घसरत घसरत पायाच्या उजव्या टोकापाशी येतो, काटकोन होतो त्या क्षणी अगदी टोकावर बसतो आणि कोन विशाल होताच पायाच्या खाली, त्रिकोणाबाहेर उतरतो. गेल्या वर्षी या क्षणाला मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, म्हणजे तो बाहेर टाकला नाही, तो आपला आपणच बाहेर गेला." यानंतर तुटक रेषा का काढायची, हे मला कोणाला समजवावं लागलं नाही. पॅनल बंद, वह्या पुन्हा उघडल्या. 35 मिनिटांच्या तासात पॅनल दहाएक मिनिटं चालू होतं आणि तेवढं पुरेसं होतं.

हे मी कोणत्याही पोर्टलवर शिकले नाही. नवी मुंबईतल्या एका शाळेत गणित शिकवणारी मैत्रीण सुट्टीच्या दिवशी माझ्यासोबत बसली, नंतर माझ्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसली आणि तास संपल्यावर म्हणाली, "सरकवायच्या आधी अजून थांब. अंदाज त्यांनाच बांधू दे." त्या एका वाक्याने माझं शिकवणं बदललं. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी 1980 मध्येच लिहून ठेवलं आहे, की ऐकून, पाहून आणि सराव करूनही नवी पद्धत वर्गात उतरेलच असं नाही. वर्गात सोबत येऊन मार्गदर्शन करणारं कोणी असेल तर ती उतरते. माझा अनुभव तंतोतंत तोच आहे. फक्त ही सोबत माझ्या नशिबाने मिळाली, व्यवस्थेने दिली नाही. ज्या शिक्षकाला अशी मैत्रीण नाही, त्याच्या वर्गातल्या मुलांनी काय करायचं?

आधी साधनं वाटू, शिक्षक शिकतील हळूहळू, असं कोणी आपल्याला सुचवत असेल तर पेरू देशाचं उदाहरण त्यांच्यापुढे ठेवा. तिथे दहा लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले गेले, पण अध्यापनात त्यांना जागा करून दिली गेली नाही आणि मुलांचं शिकणं सुधारलं नाही. युनेस्कोच्या 2023 च्या जागतिक शिक्षण अहवालात हे नमूद आहे.

आणि चांगलं उदाहरण शोधायला लांब जायची गरजच नाही. वाशीची खाडी ओलांडली की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तिथून जवळच देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. या संस्थेच्या पुढाकाराने 2015 पासून क्लिक्स हा उपक्रम चालला. सरकारी माध्यमिक शाळांच्या संगणक कक्षात गणित, विज्ञान आणि इंग्रजी कसं शिकवायचं यासाठी विषयवार पाठ तयार झाले आणि शिक्षकांना दीर्घकाळ पाठबळ मिळालं. युनेस्कोने त्याला पुरस्कार दिला. हे काम झालं छत्तीसगड, मिझोराम, राजस्थान आणि तेलंगणात. नवी मुंबईच्या वेशीवरचं हे शहाणपण मिझोरामच्या डोंगरातल्या शाळेला मिळालं याचा मला आनंदच आहे, पण आमच्या शाळांना ते का मिळू नये, हा प्रश्न आपल्याला विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

आपल्या शिक्षकांत कल्पकता कमी आहे का? माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले आणि 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला. आमच्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत मुलं टॅबवर शिकू लागली, तेव्हा ते बघायला राज्यभरातून शिक्षक आले. दोन्हीकडे सुरुवात शिक्षकाने केली, आदेशाने नाही. पण अशा शिक्षकांचा सत्कार करून आपण त्यांना पुन्हा त्यांच्या शाळेत एकटं सोडतो. त्यांच्या हाताखाली आणखी वीस शिक्षक तयार होतील अशी घडी कोणी बसवत नाही.

आता मुद्द्याच्या मागण्या लिहिते.

प्राथमिकला केंद्रस्तरावर शिक्षण परिषद भरते. बऱ्याचदा तिचा वेळ परिपत्रकं वाचण्यात आणि माहितीचे तक्ते भरण्यात जातो. तो दिवस शिक्षकांना परत द्या. एका शिक्षकाने आपल्याच शाळेतल्या खऱ्या मुलांना खरा पाठ शिकवायचा, बाकीच्यांनी बघायचा, मग त्यावर बोलायचं आणि पुढच्या परिषदेआधी प्रत्येकाने तो आपल्या वर्गात करून बघायचा. आम्हा माध्यमिकच्या विषयशिक्षकांच्या वाट्याला असं काही क्वचितच येतं. आम्हाला विषयवार असा दिवस हवा आहे : गणिताचे गणितवाल्यांसोबत, भाषेचे भाषावाल्यांसोबत. कविता शिकवायला तंत्रज्ञानाचा उपयोग वेगळा आणि शिरोलंब शिकवायला वेगळा.

प्रत्येक केंद्रात एक अनुभवी शिक्षक आठवड्यातले दोन दिवस मोकळा ठेवा. त्याने सहकाऱ्यांच्या वर्गात बसावं, सोबत पाठ आखावा, अडलं तिथे मदत करावी. त्याने तपासणी करू नये आणि शेरेबुक लिहू नये. ज्याच्यापुढे शिक्षक चुकायला घाबरतो, त्याच्याकडून तो शिकत नाही. त्या दोन दिवसांचे तास घ्यायला बदली शिक्षक लागेल, हे मला कळतं. त्याची तरतूद केल्याशिवाय ही योजना कागदावरच राहील. अंबरनाथ तालुक्यातल्या रहाटोलीला जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहेच. या सोबती शिक्षकांना तयार करण्याचं काम तिच्याकडे द्या आणि त्यासाठी तिला पुरेशी माणसं द्या.

पन्नास तास मोजायचे असतील तर हे तास मोजा. सहकाऱ्याच्या वर्गात बसून पाहिलेला पाठ, त्यावरची चर्चा, स्वतः आखून घेतलेला पाठ, हे सगळं त्यात धरा. पाहिलेले व्हिडिओ मोजण्यापेक्षा ते खरं ठरेल.

शिक्षक तंत्रज्ञानाला नाकं मुरडतात, असं अधिकारी म्हणतात तेव्हा वाईट वाटतं. आमचा दिवस तंत्रज्ञानातच जातो. यू-डायस प्लस आणि सरल या पोर्टलवर शाळेची आणि मुलांची माहिती, आधारची पडताळणी, अपार आयडी (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक), पोषण आहाराची रोजची नोंद, चाचण्यांचे गुण चॅटबॉटवर भरणं. रात्री सर्व्हर मोकळा असतो म्हणून घरचं जेवण उरकून माहिती भरणाऱ्या शिक्षिका मला माहीत आहेत, बहुतेक जणी स्वतःच्या फोनवर आणि स्वतःच्या डेटावर. ज्या माणसाला तंत्रज्ञान फक्त कामाचा जाच म्हणून भेटतं, तो ते प्रेमाने वर्गात कसं नेईल? माहिती एकदाच भरायची सोय करा. केंद्राला एक डेटा एंट्री ऑपरेटर द्या. तेवढ्याने जितका वेळ सुटेल, तितका कोणत्याही प्रशिक्षणाने मिळणार नाही.

घोडबंदर रोडवरच्या शाळेचं प्रशिक्षण आणि मुरबाड-शहापूरच्या पाड्यावरचं प्रशिक्षण एकच नसावं, हेही सांगायला हवं. जिथे पावसाळ्यात वीज दोन दोन दिवस जाते आणि दोन शिक्षक मिळून चार-पाच इयत्ता सांभाळतात, तिथे एका टॅबवर एक गट शिकत असताना दुसऱ्या गटाला कसं शिकवायचं, हे शिकवायला हवं. तिथल्या शिक्षकाला पॅनलचे स्लाइड दाखवणं म्हणजे त्याचा दिवस वाया घालवणं.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल थोडंच लिहिते. नववी-दहावीची मुलं गृहपाठाची उत्तरं फोनला विचारून आणत आहेत. त्या उत्तरातली चूक कशी पकडायची आणि कोणता प्रश्न द्यायचा म्हणजे मुलाला स्वतः विचार करावा लागेल, याची शिक्षकाला आज गरज आहे. यावरही उद्या घाईघाईने एक ऑनलाइन कोर्स आणि एक प्रमाणपत्र निघू नये, एवढीच विनंती.

मोठी घोषणा नको. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा ठाणे जिल्ह्यात एक शहरी आणि एक ग्रामीण केंद्र निवडा, तिथे सोबती शिक्षक नेमा, वर्षभर चालवा आणि मार्चमध्ये त्या केंद्रांतल्या शिक्षकांना आणि मुलांना स्वतः भेटून विचारा. शहरी केंद्रासाठी कळव्याचा विचार झाला तर पहिला पाठ माझ्या वर्गात घ्यायला माझी तयारी आहे. मुख्याध्यापकांशी मी बोलून ठेवलं आहे, त्यांची संमती आहे.

आपली नम्र,
एक माध्यमिक शिक्षिका
कळवा, ठाणे