वॉटरबॅगची वसुली

प्रिय मन्या,

दोन पत्रांना उत्तर नाही म्हणून शिव्या घालत असशील. घाल. तब्येती बऱ्या, माझा गुडघा आहे तसाच. लिहितोय ते दुसऱ्याच कारणाने.

चिनू सात वर्षांचा झाला तरी रात्री अंथरूण ओलं करतो. दिवसाचं अडीचाव्या वर्षीच सुटलं, पॉटीवर ऐटीत बसायचा. रात्रीचं काही केल्या सुटेना. आता शाळेचं मुक्कामी शिबिर आलंय, तर पठ्ठ्याची पोटदुखी आत्तापासूनच सुरू. परवा पहाटे बघतो तर ओली चादर घडी घालून कपाटात स्वेटरांखाली कोंबत होता. घडी इतकी नीट, टोकाला टोक जुळवलेली, की मला बोलायचं काही सुचेचना.

आई म्हणते, "आमच्या घराण्यात नव्हतं हो असलं! दोन धपाटे घाला." डॉक्टरबाई म्हणाल्या, तो मुद्दाम करत नाही, धपाटे कसले घालता? रात्री लघवी कमी करणारं संप्रेरक काही मुलांत उशिरा वाढतं, त्यात झोप गाढ, पिशवी भरली तरी जाग येत नाही. पाच वर्षांच्या शंभरातली पंधराएक मुलं अशीच असतात. आणि पहिला प्रश्न काय, तर शी रोज होते का! आतडं तुंबलं की मूत्राशयावर दाब येतो म्हणे. आता पाणी दिवसा भरपूर, झोपायच्या आधी कमी. चड्डीला लावायचा गजर आणलाय, थेंब पडला की कोकलतो. घरातले सगळे उठतात, चिनू सोडून. दोन-तीन महिने धीर धरा म्हणाल्यात. शिबिरापुरती गोळीही देतात.

मग विचारलं, "लहानपणी तुम्हा दोघांत कुणाला होतं?" आम्ही दोघांनी नकारार्थी माना हलवल्या. एका पालकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास, दोघांना असेल तर ७० च्या वर. रात्री दिवा मालवल्यावर अंजू म्हणाली, "मला होतं. दहाव्या वर्षापर्यंत." इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा! वर, आईंना सांगू नका.

तेव्हा तू आठवलास. तंबूत स्वतःच्या अंथरुणावर वॉटरबॅग ओतून "दिप्याने सांडली" म्हणणारा हरामखोर. सरांची बोलणी मी खाल्ली, आणि बंड्या अजून मला वॉटरबॅगच म्हणतो. ते भांडण मिटलेलं नाही, नोंद घे.

तर आता वसुली. चिनूला फोन कर आणि तुझं तू सांग. आम्ही सांगितलं की त्याला वाटतं समजूत घालतायत. तू म्हणजे साप हाताने धरणारा काका, तुझं ऐकेल. वॉटरबॅगचाही किस्सा सांग, पण त्यात मी शूर दिसलो पाहिजे.

तुझ्या बदलीचं काय? वहिनींना नमस्कार. पिंकी चालायला लागली ना? तिला आत्ताच पॉटीवर बसवायचा घाट घालू नका, दोनेक वर्षांची होऊ दे, स्वतःच खुणावेल.

फोन रविवारी, दहाच्या आत. आई तेव्हा फिरायला गेलेली असते.

तुझा,
दिप्या