'पैकी' नीट लावायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

ऐरोली-ठाण्याच्या आम्हा सगळ्यांकडून हे पत्र. मोठं कोडिंग आल्याशिवाय ओपन सोर्सला (ज्याचा कोड सगळ्यांना पाहता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरला) हातभार लावता येत नाही, ही समजूत तुम्ही पहिल्याच रविवारी मोडलीत. आभार मानायचे तर तुम्ही शिकवलेलं नेमकं लिहून काढावं, म्हणजे ठाणे-वाशी लोकलमध्ये मोबाइलवर वाचणाऱ्या एखाद्या नवख्यालाही ते उपयोगी पडेल.

आधी परवाना आणि 'कॉन्ट्रिब्यूटिंग' ही हातभार कसा लावायचा ते सांगणारी फाइल वाचायची, हे तुम्ही घोकून घेतलंत. परवानाच नसेल, तर कोड समोर दिसला म्हणून तो मुक्त होत नाही. मग इश्यूवर (प्रकल्पाच्या पानावरच्या त्या कामाच्या नोंदीवर) 'हे मी घेतोय' असं लिहायचं, नाहीतर एकाच दुरुस्तीवर दोघांचा आठवडा जातो. फोर्क (प्रकल्पाची आपल्या खात्यातली प्रत), क्लोन (तीच आपल्या संगणकावर), मूळ रिपॉझिटरी (प्रकल्पाचा कोडसाठा) 'अपस्ट्रीम' नावाने जोडणं, एवढं कोणीही सांगतं. मेन ब्रँचवर, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेवर, थेट काम का करू नये, ते तुमच्याकडून कळलं. पहिली दुरुस्ती स्वीकारली जायच्या आत त्याच ब्रँचवर दुसरी सुरू केली, तर दोन्ही एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल स्वीकारण्याच्या विनंतीत) अडकतात आणि एकीवरच्या हरकतीमुळे दुसरीही रखडते. म्हणून दर कामाला अपस्ट्रीमच्या ताज्या मेनवरून नवी ब्रँच.

पण सगळ्यात जास्त ऋण आहे ते पीओ फाइलींचं, म्हणजे प्रोग्रॅममधली इंग्रजी वाक्यं आणि त्यांची भाषांतरं ठेवणाऱ्या फाइलींचं. मराठी भाषांतर हे दुय्यम काम नाही, हे तुम्ही एका ओळीवर दाखवलंत. इंग्रजीत '३ ऑफ १० फाइल्स', मराठीत '१० पैकी ३ फायली'. आकड्यांचा क्रम उलटतो. मूळ ओळीत दोन्ही जागी नुसतं टक्का-डी (%d, म्हणजे आकडा येण्याची जागा) असतं. ते तसंच ठेवलं, तर पडद्यावर '३ पैकी १० फायली' उमटतं. सी भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये उपाय असा: टक्क्यानंतर क्रमांक आणि डॉलरचं चिन्ह घालायचं. आधी 'टक्का २ डॉलर डी' (%2$d), मग 'पैकी', मग 'टक्का १ डॉलर डी' (%1$d). पीओपासून तयार फाइल बनवणाऱ्या एमएसजीएफएमटी (msgfmt) या साधनाची तपासणी ही चूक पकडत नाही, कारण दोन्ही जागा एकाच प्रकारच्या. ती मराठी वाचणाऱ्या माणसालाच दिसते.

'फझी' (भाषांतर पक्कं नाही, तपासा) या खुणेचंही तसंच. मूळ इंग्रजी वाक्य बदललं, की साधन जवळपास जुळणारं जुनं भाषांतर तिथे चिकटवतं आणि वर ही खूण ठेवतं. भाषांतर सुधारलं पण खूण काढली नाही, तर साधारणपणे ती ओळ तयार फाइलमध्ये जातच नाही. वापरणाऱ्याला इंग्रजीच दिसतं. न वाचता सगळ्या खुणा पुसणं मात्र त्याहून घातक: 'निवडा'च्या जागचं भाषांतर 'हटवा'च्या बटणावर जाऊन बसू शकतं.

आणि तो 'ॲ'! एकच अक्षर म्हणून टाइप केलेला 'ॲ' आणि 'अ'वर चंद्र देऊन केलेला 'अॅ' दिसतात सारखे, पण युनिकोडमध्ये वेगळे. एक शोधला तर दुसरा सापडेलच असं नाही. एका फाइलीत एकच पद्धत, हा तुमचा आग्रह अगदी रास्त.

कमिटचं (नोंदवलेल्या बदलाचं) शीर्षक ५० अक्षरांच्या आसपास, खाली 'काय बदललं'पेक्षा 'का बदललं'. एडिटरने आपोआप बदललेली मोकळी जागा त्यात येऊ द्यायची नाही. पाठवण्याआधी डिफ (जुन्या-नव्यातला फरक) स्वतः वाचायचा. हरकत आली तर नवी पुल रिक्वेस्ट न उघडता त्याच ब्रँचवर दुरुस्ती ढकलायची. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदाच, नम्रपणे विचारायचं. समोरचा माणूस बहुधा नोकरी सांभाळून हे करतो.

ताई, आमच्या फायलींमधली एकेक ओळ तुम्ही बाजूला बसून वाचलीत. त्याबद्दल मनापासून आभार. येत्या रविवारी उरलेल्या फझी ओळी घेऊन येतोच.

तुमची,
ऐरोली-ठाण्याची मंडळी