अंगठ्याआधी वकील पोहोचावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेतकऱ्याने आत्महत्या केली की घरी पुढारी येतात, तलाठी येतो, पंचनामा होतो, प्रकरण सरकारी मदतीला पात्र की अपात्र ते ठरते. तेरावे उरकले की भावकी कागद घेऊन येते. आमच्या शेजारच्या वाडीवर एका बाईला दिराने सांगितले, "वारसाची नोंद करायचीय, इथं सही कर." ते हक्कसोडपत्र होते, म्हणजे जमिनीतला आपला वाटा सोडल्याचा कागद. शाळेत जाणाऱ्या लेकीने मोठ्याने वाचले, म्हणून सही टळली. नवऱ्याच्या नावची जमीन असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने बायको, मुले आणि सासू यांचा सारखा वाटा असतो. हे त्या माउलीला कोणीच सांगितले नव्हते.

अशा बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ पासून. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अटच नाही. अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतले लोकही त्यात आहेत. शिवाय पूर, दुष्काळ आणि भूकंपाने उघडे पडलेलेसुद्धा. किल्लारी सोसलेल्या, एका वर्षी टँकरवर जगणाऱ्या आणि दुसऱ्या वर्षी माती वाहून गेलेल्या मराठवाड्याला हे कलम पाठ असायला हवे होते. कोर्ट फी, कागदपत्रांचा खर्च, वकिलाचे मानधन सगळे प्राधिकरण देते. त्या वकिलाने पक्षकाराकडे पैसे मागायचे नसतात.

अर्ज तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे करायचा; १५१०० या क्रमांकावरही विचारता येते. पण विधवा बाई कोर्टाची पायरी आपणहून चढत नाही. ती जाते तहसीलला, बँकेत, तलाठ्याकडे. त्यातून ऊसतोडीला गेलेली असली तर फेरफारावर, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलावर, हरकत घ्यायचे १५ दिवस फडातच निघून जातात.

म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना विनंती आहे. आत्महत्येचा पंचनामा झाला की त्याची एक प्रत तहसीलने त्याच आठवड्यात तालुका समितीला पाठवावी आणि समितीच्या स्वयंसेवकाने, शक्यतो बाई स्वयंसेवकाने, त्या घरी जाऊन यावे. बीड आणि धाराशिवपासून सुरुवात करावी. यासाठी नवा कायदा नको, फक्त दोन कार्यालयांमधला पत्रव्यवहार हवा.

आपली,
एक वाचक, ता. केज, जि. बीड